तेरा ते सोळा

धक्क्यावरच्या पाटीवरला नियम एका दमात वाचून होतो:
तेरा इंचांच्या आतल्या बास घरी न्या.
सोळाच्या वरची, हवी तर, एक न्या.
मधल्या परत पाण्यात.
पाटीला छर्ऱ्यांची तीन भोकं आहेत,
त्यातलं एक नेमकं 'मधल्या'च्या पोटात.

मी मोजणारी. शनिवार-रविवार, साडेसहा ते दोन.
खाचेची लाकडी फळी, ओलं फडकं, पेन्सिल.
होडी लागली की तीनच प्रश्न:
किती वेळ बसलात, काय लागलं, काय सोडलंत.
तिसऱ्या प्रश्नाला माणसं उजळतात.
"सगळं," म्हणतात, "सगळंच सोडलं, बाई."
ऑर्विल स्टँबॉ तर टोपी काढून सांगतो.

पूर्वी असं नव्हतं.
ओझार्कच्या या खोऱ्यात पाणी अडवलं
तेव्हा मोठी बास ट्रकच्या फळीवर खिळ्याने ठोकून
लोक गावभर फिरवायचे.
मग एका वर्षी तळ्यात पाणी होतं, मासे होते,
पण आई म्हणावी अशी एकही नव्हती.
तेव्हा ही पाटी आली.
सभेत ऑर्विलने खुर्ची आपटली:
"माझ्या माशाला सरकार फूटपट्टी लावणार?"
छर्रे कुणाचे, ते मी कधी विचारलं नाही.

अंगवळणी पडायला अकरा वर्षं लागली,
आणि पडलं ते इतकं
की आता कुणी काहीच नेत नाही.

एप्रिलमध्ये, डॉगवूड फुललेलं असताना,
रात्री विजेची बोट येते.
मासे भोवळ येऊन वर तरंगतात, पांढरी पोटं आभाळाला.
मी कंदील धरते, डेल्बर्ट आकडे बोलतो:
बारा. साडेअकरा. बारा. बारा.
डोकं मोठं, पोट खपाटीला,
थोरल्या भावाची टोपी घातलेल्या पोरासारख्या.
एकीच्या कानातला खडा कापून तो भिंगाखाली धरतो,
बराच वेळ गप्प राहतो.
"सात वर्षांची," म्हणतो.
सात वर्षांची, आणि बारा इंच.

वाढलेलं पन्नासांना, पंगतीला चारशे.
आम्ही नियमाचा सोपा अर्धा भाग पाळला,
ज्यात हात स्वच्छ राहतात तो.

पलीकडच्या काठावर, उलट्या बादलीवर, पाकू वांग बसते.
परवाना टोपीला पिनने लावलेला,
शेजारी दुसरी बादली, सुलटी.
तिच्याबद्दल माझ्याकडे तक्रारी येतात:
"चिंगळ्या नेते. पिल्लं नेते. जाऊन बघा एकदा."
गेले. तिने शिवणकामाची टेप काढली, मी माझी फळी.
नऊ. दहा. साडेबारा. अकरा.
एक तेरा इंच एक सूत निघाली.
माझं लिहून व्हायच्या आत ती पाण्यात होती,
आणि पाकूने हात पँटला पुसले होते.

सबंध तळ्यावर पूर्ण पाटी वाचलेली बाई मला सापडली.
हे मी ऑर्विलला सांगितलं. खडा, वलयं, खपाटीची पोटं, सगळं.
तो तिच्या बादलीत वाकून बघत राहिला.
"यात खायला आहे काय? काटे."
पाकूने गळाला किडा लावता लावता, वर न बघता म्हटलं,
"शेपटीसकट तळायच्या."

परवा रविवारी त्याची होडी उशिरा लागली.
चार तास. पाच लागल्या.
तिसऱ्या प्रश्नाला तो उजळला नाही.
"दोन सोडल्या. मधल्या होत्या."
मग बर्फाच्या पेटीचं झाकण त्याने असं उघडलं
जसं आत चोरीचा माल आहे.
तीन होत्या. अकरा, अकरा, दहा.
मी फळीवर ठेवल्या, लिहिल्या,
नेल्या: तीन,
या रकान्यात कितीतरी दिवसांनी शून्य सोडून काही.

तो जाईना.
बुटाने वाळू उकरत म्हणाला,
"मक्याच्या पिठात तळायच्या, की नुसत्याच?"
मी पेन्सिलीने पलीकडचा काठ दाखवला.