वारा येतो तिकडे

बर्नली, १८४४

हेप्झिबा सोमवारी हॉलरॉइडांचे पडदे धुते.
काजळी त्यांच्याच धुराड्याची,
मजुरीही त्यांचीच.
तिसऱ्या पाण्याला कुठे मूळचा पांढरा दिसतो.

नवऱ्याने माग विकला.
विकला कसला, जाळला.
घेणारं कोण होतं? आणि थंडी होती.
धाकटी गिरणीत, चालत्या यंत्राखाली शिरून
सूत वेचते. अंगाने बारीक, म्हणून ठेवलीय.
तिला आता वाढून चालणार नाही.

मार्चात मालकिणीने टेकडीपलीकडे घर घेतलं,
वारा जिथून येतो तिकडे.
"पडदे आता महिन्यातून एकदाच, हेप्झिबा."

आज तिने पोरीचा एकुलता झगा धुतला.
दोरीपाशी ओलं बोट वर धरून
ती उभी आहे,
चिमटा दातांत,
झगा अजून हातातच.