शेऱ्याचा रकाना

पाहणीच्या आदल्या संध्याकाळी ग्रामसेवक दवंडीसारखे दारोदार फिरले:
उद्या दुपारपर्यंत चूल पेटवायची नाही.
पऱ्हाटीचे भारे गोठ्यामागं न्या,
शेगड्या पुसा, टाक्या दर्शनी ठेवा.
वेशीवरच्या पाटीला रंग लागला: 'धूरमुक्त गाव'.
खाली माजी सरपंचाचं नाव तसंच राहिलं,
खोडायला दुसरा रंग नव्हता.

मी अंगणवाडीची. यादी माझ्याकडे.
एकशे बारा घरं, एकशे बारा 'हो'.
गॅस आहे का?
कागदावर प्रश्न एवढाच.
टाकी भरलेली आहे का, हे विचारायला जागा नव्हती.

ठगूबाईनं टाकीला जुनं पातळ नेसवलंय,
वर कळण्याच्या पिठाचा डबा.
पाड्यावरच्या रायकोरला पुस्तक मिळालं, टाकी मिळाली,
रेग्युलेटर अजून वाटेत आहे,
दोन पावसाळे झाले वाटेत आहे.
आणि बेबाबाई. एजन्सी चोपड्याला, अठरा किलोमीटर.
गाडी फाट्यावर येते, कधी ते गाडीलाच माहीत;
पुढं टाकी सायकलवर, सायकल दुसऱ्याची.
एक टाकी म्हणजे केळीच्या बागेतली चार दिवसांची रोजी.
सबसिडी जमा होते म्हणतात.
आधारवर ती बेबाबाई, पासबुकात बेबीबाई.
एका वेलांटीपायी तिचे पैसे तीन वर्षं थांबलेत.
थांबलेत म्हणजे कुठं,
ते बँकेतल्या पोराला सांगता येत नाही,
तो फक्त सर्व्हरकडे बोट दाखवतो.

दहाला जीप आली. चार साहेब, एक मॅडम, एक फोटोवाला.
गाव सुतकात असल्यासारखं.
माझी खिचडीही बंद ठेवली होती,
ती लाकडावरच शिजते ना.
पोरं ताटल्या वाजवत बसली होती.

साहेबांनी सहा टाक्या पाहिल्या, सहा बायांचे फोटो काढले,
हसा म्हणाले, बाया हसल्या.
मग थोरले साहेब पोटावरून हात फिरवत म्हणाले,
'एवढं खानदेशात आलो, तर भरीत पाहिजे बुवा.
गॅसवरचं नको हं. पऱ्हाटीवर भाजलेलं.'

सरपंचानं ग्रामसेवकाकडं पाहिलं,
ग्रामसेवकानं माझ्याकडं,
मी कोकिळाताईकडं.
ती काही बोलली नाही, पदर खोचला,
गोठ्यामागून भारा ओढून आणला.

शाळेमागं जाळ झाला.
वांगी तडकली, सालं काळी पडली,
बडगीत मिरची-लसणाचा ठेचा पडला
आणि धूर उठला सरळ, पाटीपेक्षा उंच.
वारा फिरला तसे साहेब डोळे पुसत
खुर्ची दुसऱ्या बाजूला सरकवत राहिले,
तीनदा सरकवली.
कोकिळाताईची बाजू एकच होती.

जाताना मॅडमनं मला विचारलं, 'काही शेरा?'
मी म्हटलं, भरीत चांगलं झालं होतं.
दुसरं तोंडात आलं होतं, पण मानधन अडकलेलं होतं माझं.
महिन्यानं प्रमाणपत्र आलं, काचेत बसवून.

त्यानंतर हिलाल पाटील नावाचा नवा ग्रामसेवक आला.
भाषण नाही केलं त्यानं.
एजन्सीला तीन पत्रं लिहिली, चौथ्याला स्वतः गेला,
आणि दर बुधवारी, बाजाराच्या दिवशी,
गाडी पारापर्यंत यायला लागली.
बेबाबाईची वेलांटी त्यानंच तालुक्याला जाऊन काढली.
बायांनी भिशी धरली टाकीची.
त्या उन्हाळ्यात चाळीस घरांत सकाळचा चहा निळ्या जाळावर झाला;
भाकरी चुलीवरच, पण चहा तरी.
ठगूबाईनं टाकीचं पातळ काढलं, धुऊन वाळत घातलं.

मग त्याची बदली झाली.
दोन बुधवार गाडी आली, तिसऱ्या बुधवारी नाही.
विचारलं, तर म्हणाले, असा आदेश लेखी नव्हताच.

आता नवी यादी आलीय. तोच प्रश्न.
रात्री पोरगा झोपल्यावर मी त्याची पट्टी घेतली
आणि कागदाच्या कडेला एक रकाना आखला:
शेवटची टाकी कधी?
अरुंद झाला.
बेबाबाईचं उत्तर त्यात मावलं नाही,
मागच्या पानावर गेलं.