खरवड

पोझ्झुओलीत, तळमजल्यावरच्या माझ्या स्वयंपाकघरात
पास्ता शिजतोय सात जणांसाठी.
मघाशी पाच होते.
सबातोने जिन्यातून ओरडून सांगितलं, "अजून दोघं आहेत गं,"
मी एक बटाटा जास्त चिरला, एवढंच.

मासे नाहीत आज.
जमीन वर येतेय, महिन्याला बोटभर,
आणि धक्क्यातलं पाणी मागे सरलंय.
सबातोची होडी गाळात बसलीय म्हशीसारखी.
तो रोज जाऊन तिला बघून येतो,
रिकाम्या हाताने यायला लाजतो, म्हणून येताना पाव आणतो.

चौथ्या मजल्याला सील लागून अकरा दिवस झाले.
एर्मेलिंदाबाईंना पालिकेच्या माणसाने वीस मिनिटं दिली होती:
औषधं घ्या, कागदपत्रं घ्या.
त्या उतरल्या त्या
उशीच्या अभ्र्यात पास्त्याचे अर्धेमुर्धे पुडे भरून.
"मग काय, उंदरांसाठी ठेवू?"
औषधं वरच राहिली.

तोच अभ्रा आज ओट्यावर उलटा केला.
नळ्या, शिंपले, मुठीएवढी स्पगेत्ती,
आणि थोडी चाकं, नातवाच्या लहानपणची;
तो आता तुरीनला ट्रक चालवतो.

प्रत्येकाचा शिजायचा वेळ निराळा.
पुड्यांवर लिहिलेला असतो, पण पुडे तिथेच फाटलेले.
मी अंदाजानेच आधी जाड टाकते, मग मधले,
मग स्पगेत्ती धरून कडाकडा मोडते,
आणि नेमका प्रोकोलो आत येतो, मागे त्याची बायको, मिलानची.
"मावशी, मोडलीस?"
"मोडली."
"तिच्यासमोर?"
"तिला म्हणावं, तूही ये. अजून मूठभर आहे."
ती आली. आधी एकच काडी मोडली, मग सगळ्या,
आणि हसली, बऱ्याच दिवसांनी, असं प्रोकोलो नंतर म्हणाला.

कांदा, सेलरीची एक दांडी,
चीजची टणक साल, जी शहाणे लोक फेकून देतात,
ती घासून, धुऊन पातेल्यात.
मीठ मुठीने. मग चव बघायची आणि गप्प राहायचं.

पावणेआठला हलली.
फार नाही; गल्लीतून ट्रक गेल्यासारखी,
फक्त आमच्या गल्लीत ट्रक मावत नाही.
खिळ्यांवरचे डाव एकमेकांना लागले.
सगळ्यांनी वर दिव्याकडे पाहिलं,
आमच्याकडे देवाकडे नंतर बघतात.
दिवा झुलला, झुलला, राहिला.
"दोन पूर्णांक तीन," फाबियाना म्हणाली. वय वर्षं सहा.
"दोन पूर्णांक सहा," सबातो म्हणाला. "एका ग्लासाची पैज."
फोन उघडले गेले. पोरगी जिंकली.
तिला वाइन नको होती, तिने पावाचा टोकाचा तुकडा मागून घेतला.

माझा हात शेगडीच्या बटणावर होता,
गॅस कधी बंद केला ते मलाच कळलं नाही.
पुन्हा पेटवला. आणि उभी राहिले ऐकत,
दुसरा येतो का,
ढवळायचं विसरून.

तेव्हाच लागलं बुडाला.

धुरी दिलेल्या चीजचे तुकडे वरून टाकले,
त्यांना तार सुटली, वास जिन्याने वर गेला,
जिथे कुणी राहत नाही तिथपर्यंत.
खुर्च्या पाच. सबातो वॉशिंग मशीनवर बसला,
मिलानची सून माशांच्या उलट्या पेटीवर, ताट मांडीवर घेऊन.
कुठे नळी जरा कच्ची, कुठे चाक मऊ झालेलं.
कुणी काही बोललं नाही. मग सगळेच बोलायला लागले, एकदम, तोंडात घास असताना.

एर्मेलिंदाबाई म्हणाल्या, "माझ्या हातून कधी खाली लागलं नाही हो, साठ वर्षांत."
आणि पातेलं स्वतःकडे ओढून घेतलं.
चमचा उभा धरला,
खाली वाकल्या, दोन्ही कोपर टेबलावर.

खर्र.
खर्र, खर्र.

आम्ही सगळ्यांनी पुन्हा दिव्याकडे पाहिलं.