किमान

पावणेसातला कंपाउंडच्या भिंतीपलीकडून
आधी खोकला येतो, मग आकडा.
"नऊ पॉइंट सहा."
मी शेवंतीला तांब्यानं पाणी घालत विचारते, "काल?"
"दहा. निफाडला सहा म्हणतात,
द्राक्षवाले रात्रभर शेकोट्या करून बसले असतील."

आडनाव पगार, आणि आता पेन्शनवर.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये तिकिटांचे ताव मोजले.
एक ताव कमी भरला तर कुणी घरी जायचं नाही.
आता पेरू मोजतात,
पोपटांनी टोकरलेले वेगळे.
टाकीच्या खांबाला त्यांचं थर्मामीटर, दोन नळ्यांचं,
आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर
दुधाच्या हिशेबाशेजारी रोजचा पारा.

आमचं बोलणं एवढंच.
मुंगूस आज उलटं गेलं, गटाराकडून गॅरेजकडे.
भारद्वाज दिसला, मला, त्यांना नाही;
त्यावरून दोन दिवस थोडा रुसवा.
पावशेर रात्री कुठं होती?
(मांजर माझी. गोणपाटात सापडली तेव्हा
भाजीवाल्याच्या काट्यावर तेवढीच भरली होती.
आता साडेचार किलो आहे, नाव तेच.)
वालदेवीच्या अंगाला बिबट्या दिसला म्हणे,
दिवेलागणीला आत घ्या तिला.
त्यांचा मुलगा फोन का करत नाही,
माझ्या कोर्टाच्या तारखेचं काय झालं,
हे विषय त्या चार फुटी भिंतीवरून
अजून तरी कधी पलीकडे गेले नाहीत.

जानेवारीत एका रात्री त्यांच्या छातीत दुखलं.
रिक्षा दारात, काकू फाइल शोधतायत,
आणि हे आत बसून, शर्टाची बटणं उलटसुलट,
मला म्हणतात,
"सकाळचं बघून ठेवाल? किमान तेवढं."

मग मी रोज स्टूल लावून भिंतीवरून वाकले.
वीजबिलाच्या पाठीमागे लिहिलं:
आठ पॉइंट चार.
आठ पॉइंट चार.
सहा पॉइंट दोन. बाप रे.
सहा पॉइंट दोन.
पुढेही सहा पॉइंट दोन.
शेवंतीवर जुनी चादर टाकली,
दोन स्वेटर घातले, पावशेरला गोधडी दिली,
ती उठून फरशीवर जाऊन झोपली.
दूधवाल्याला सांगितलं, थंडी काही हटत नाही बघ.
तो म्हणाला, ताई, मला तर घाम आलाय.
मी म्हटलं, तुझं काय ऐकायचं, आकडा समोर आहे.

अकराव्या दिवशी पगारकाका आले.
मफलर तोच, आतली मान बारीक झालेली.
भिंतीवरून बिल दिलं. चष्मा लावून
ताव मोजावेत तसं बोट फिरवत वाचलं.
"बटण दाबलं नाहीत."
"कुठलं बटण?"
"पारा सुईला किमानावर नेऊन सोडतो
आणि आपला परत फिरतो.
ती तिथंच अडकून राहते.
रोज बटण दाबून तिला सोडवायची असते."

मला हसू आलं, मग आलं नाही.
काकू आतून म्हणाल्या, घरात या आधी, वारं आहे.
ते कॅलेंडर बाहेर घेऊन आले
आणि शाईच्या पेनानं सगळं उतरवून घेतलं,
नऊ चौकोनांत नऊ वेळा सहा पॉइंट दोन.
"अहो, पण खोटं आहे ते."
"तुम्ही उठून बघितलंत ना रोज?
मग असू दे."

टाकीपाशी गेले. बटण दाबलं.
आवाज मला इकडे आला नाही,
पण खांद्यावरून कळलं की सुई सुटली.

"पेरू किती गेले?"
"मोजले नाहीत."
"आणि पोपट?"
"तेही नाहीत."
"मग केलंत काय इतके दिवस?"
पावशेर मधल्या भिंतीवर चढली,
नेमकी बिलावर बसली.
मी म्हटलं, "आज किती आहे ते सांगा."
"तेरा," ते म्हणाले. "उतरवा ती चादर."