उसनी साखळी

द्राख्तनजवळच्या कुरणात जुन्या ट्रकांचा मेळा भरतो.
माझी डाफ तिथे उभी असते, धुतलेली, पुसलेली,
लग्नघरातल्या म्हातारीसारखी जरा अवघडलेली.
पोरं चाकाशी उभी राहून फोटो काढतात.
एकजण विचारतो, हॉर्सपॉवर किती?
मी आकडा सांगतो.
आकडा सांगणं सोपं असतं.

खरं तर तिला चढावर कधीच घाई नव्हती.
ऑस्ट्रियातल्या घाटात सायकलवाले पुढे जायचे.
इंजिन केबिनच्या मधोमध, माझ्या आणि रिकाम्या सीटच्या मध्ये,
त्यावर सूपचा डबा ठेवला की
ग्रात्झ येईपर्यंत गरम व्हायचा.
हिवाळ्यात डावा पाय गारठायचा, उजवा भाजायचा.
दुसरा गिअर तिच्या मर्जीने पडायचा, नाहीतर नाही.

आणि कागद. कागदच कागद.
बेलग्रेडनंतर अरुंद रस्ता, मग बल्गेरियाचा शिक्का,
मग कापिकुले, तुर्कस्तानचं दार.
तिथे तीन-तीन दिवस रांगेत, दाढी वाढवत,
आणि शिक्का मारणारा जेवायला गेलेला.
आल्त्येला पोस्टकार्ड टाकायचो: सगळं ठीक. पाऊस आहे.
कार्ड माझ्यानंतर पोचायचं,
दारात मीच घ्यायचो ते पोस्टमनच्या हातून.

ताहिरचा घाट. जानेवारी, शहात्तर साल.
मागे अकरा टन, दूध काढायची यंत्रं, तेहरानसाठी.
टाकीत डिझेल तुपासारखं थिजलेलं.
चिंध्या पेटवून टाकीखाली सरकवल्या,
आपल्याच घराला आग लावावी, पण जपून, तसं.
एका चाकाची साखळी सकाळीच तुटली होती.
खाली दरीत कुणाचा तरी ट्रक पडलेला,
गेल्या वर्षीचा की कालचा, बर्फात कळत नाही.

तेव्हा वरून उतरला देझ्यो.
हंगेरीचा, निळ्या राबाचा, रिकामा, घराकडे निघालेला.
आमच्यात मिळून जर्मनचे वीसेक शब्द,
त्यातल्या निम्म्या शिव्या.
त्याने आधी चाक पाहिलं, मग मला,
गुरांचा डॉक्टर आधी गाय बघतो, मग मालक, तसं.
स्वतःची साखळी सोडली,
बर्फात पाठीवर आडवा होऊन माझ्या चाकाला बांधली.
उठला. कपडेही झटकले नाहीत.
मी पाकीट काढलं.
त्याने मान हलवली, हवेत एक बोट गोल फिरवलं:
परत भेटू तेव्हा दे.

त्या रस्त्याने नंतर नऊ वेळा गेलो.
दिसेल त्या निळ्या ट्रकला दिवे दाखवले.
समोरून दिवे यायचे, हात यायचे.
निशजवळच्या ढाब्यावर एक हंगेरियन हसला,
म्हणाला, देझ्यो? कुठला? आमच्या यार्डातच सहा.
मग तिकडे राज्य उलथलं, पाठोपाठ युद्ध.
मालकाने इटलीच्या फेऱ्या दिल्या. टोमॅटो, फरशा.
मी शुक्रवारी घरी यायला लागलो.
आल्त्ये म्हणाली, बरं झालं.
मीही म्हणालो, बरं झालं.

यित्स्के सीटखालून काहीतरी जड ओढून काढते.
पाके, म्हणते (आमच्याकडे आजोबांना पाके म्हणतात),
सगळं चकचकीत केलंस, मग हे एवढंच गंजकं कसं?
माझं नाही ते, मी म्हणतो.
मग कुणाचं?
दर वसंतात तेल तेवढं देतो त्या साखळीला,
रंग देण्याचा हक्क माझा नव्हे.

कुरणापलीकडे हायवे.
लिथुआनियाचे, रोमानियाचे, पोलंडचे ट्रक,
पांढरे, गुळगुळीत, आवाज गिळलेले, एकामागून एक.
मध्येच एखादा निळा येतो.
माझा हात दिव्याच्या बटणाकडे जातो,
मला न विचारता.
यित्स्के ते बघते. काही बोलत नाही.
मग डोक्यावरची दोरी धरून विचारते,
हॉर्न वाजवू?

वाजव.