काहून

वसमतच्या दवाखान्यात, नऊ नंबरच्या खोलीत
दर मंगळवारी माझ्यापुढं एक फॉर्म असतो.
त्यात ‘कारण’ म्हणून रकाना आहे,
दोन बोटं रुंद.

सटवाजी मापाडी येऊन बसला.
वीस वर्षं मोंढ्यात हळद मोजून
नखांच्या कडा कायमच्या पिवळ्या.
अर्ध्या हळकुंडानं लोक पिवळे होतात,
हा सबंध मोंढ्यात उभा राहून कोरा.
चौत्राबाई म्हणाली, जेवतेत, पण मीठ जास्त झालं तरी बोलंनात.
पहाटं तीनला उठून बसतेत.
मग मलाच विचारलं तिनं :
काहून, मॅडम?

नव्या काट्यावर आकडे आपोआप उमटतात म्हणून?
चुलता असाच गेला, त्याचं नाव घरात काढत नाहीत म्हणून?
खांदा दुखतो. आखाडात कावीळ झाली होती.
थोरल्या भावाशी चार वर्षं अबोला,
आणि तो कशावरून, ते आता दोघांनाही आठवत नाही.
का मेंदूतलंच काही, जे कुणाच्याच काट्यावर येत नाही?
क्विंटल भरतं ते शेवटच्या हळकुंडानं नव्हे,
हे माझ्याहून त्याला जास्त ठाऊक.

माझा भाऊ गेला तेव्हा पेपरात आलं होतं,
‘किरकोळ कारणावरून’.
अडीच ओळी. शेजारी ट्रॅक्टरची जाहिरात.
ते किरकोळ मी बारा वर्षं शोधतेय.
त्या आठवड्यात त्यानं दोनदा फोन केला होता,
लाइटबिल भरलं का, विचारायला.
भरलं, म्हणाले मी.
मी काहीच विचारलं नाही.

चौत्राबाईला बाहेर बसवलं.
सटवाजीला सरळ विचारलं, मरावंसं वाटतं का?

शिकताना भीती वाटायची, विचारलं की सुचेल माणसाला.
सुचत नाही. ते आधीच येऊन बसलेलं असतं,
चप्पल काढून, आत.

तो हातांकडं बघत राहिला.
“व्हय,” म्हणाला. “पर हे कुणी इचारलंच न्हाई अजून.”
आणि पोतं उतरवल्यासारखे त्याचे खांदे
जरासे खाली आले.

मग डॉक्टर आले. गोळ्या लिहिल्या.
भावाचा नंबर घेतला,
रात्री जवळ कुणी झोपायचं ते ठरलं.
चौत्राबाई दारातून पुन्हा वळली : पण काहून?
माहीत नाही, म्हणाले. हळूहळू बघू.

रकाना तसाच सोडला.
खाली पुढच्या मंगळवारची तारीख घातली
आणि त्याला म्हणाले, मोठ्यानं वाचा.
त्यानं वाचली.
दोनदा.