संदर्भ एकशे बारा

गुंडेटी मॅडम उद्या रिटायर होतात.
ऑफिसातला पोरगा गौरवपत्र टाइप करतोय. मला विचारतो,
"इरप्पामामा, मॅडमचे पेपर किती?"
छत्तीस, मी सांगतो. छापलेले छत्तीस.
"संदर्भ? एच-इंडेक्स?"
त्याच्या पडद्यावर एक रेघ थोडी चढते
आणि मग आडवीच जाते, होटगी रस्त्यासारखी.
"अकरा," तो म्हणतो. "अकरा म्हणजे बरंय का?"
मी बाटल्या धुतो बाबा, मला काय विचारतोस.

पण मे महिना सांगू शकतो.
चव्वेचाळीस अंशात कुठलं द्रव्य शहाण्यासारखं थिजेल?
मी कन्ना चौकातून अर्धी लादी बर्फ
गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणायचो,
निम्मी वाटेतच गळायची.
उरलेल्यात चंबू धरून मॅडम बसायच्या,
काचेच्या कांडीनं आतून खरवडत,
झोपलेल्या पोराचा कान हळूच ओढावा तशा.
आणि कधीतरी, चार वाजता, दिवे गेलेले असताना,
सगळा चंबू पिवळ्या सुयांनी भरून यायचा.
"आला की रे," म्हणायच्या,
मग तेलुगूत काहीतरी, स्वतःशीच.

पाणी पाचव्या दिवशी.
एक ड्रम, एक पंप, तेच पाणी
नळीतून वर, नळीतून खाली,
त्यातच सगळी औषधं शिजली.
शिजली म्हणजे, औषध एकही झालं नाही.

वडील साखर पेठेत सूत रंगवायचे, कोपरापर्यंत निळे.
आई दिवसाला हजार विड्या वळायची
आणि खोकायची. खोकला तिच्यापेक्षा जास्त जगला,
बहिणीकडे गेला.
मॅडम पोरांना शिकवायच्या:
रंग सुताला धरतो ना, तसं औषध जंतूला धरलं पाहिजे.
धुतलं तरी सुटता कामा नये.

क्षयासाठी तेवीस संयुगं केली, सगळी पिवळी.
कापसात बसवून बाटल्या मी पोस्टात टाकल्या.
उत्तर तेवीस वेळा एकाच शब्दाचं: निष्क्रिय.
दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत.
तिसऱ्या दिवशी लिहायला बसल्या.
तेवीसच्या तेवीस, आणि का धरत नाहीत ते,
एकही झाकलं नाही.
दोन मासिकांनी परत पाठवलं.
तिसऱ्यानं छापलं, पार मागच्या पानांत.

पोरगा आता खाली सरकवत जातो, थांबतो.
"मामा, हा एकच पेपर. एकशे बारा."
ब्राझीलमधून, कोरियातून, मला न वाचता येणाऱ्या गावांतून
माणसं लिहितायत:
इकडे गुंडेटी जाऊन आल्यात. वाट नाही.

रेल्वेच्या पुलाचं काम चालू होतं तेव्हा
चौकात एक माणूस उभा असायचा, लाल फडकं घेऊन.
इकडून नाही. इकडून नाही.
दिवसभर उन्हात.
त्याचं नाव मला आजही माहीत नाही,
आणि मी रोज तिथून वळायचो.

अठरा नंबरचं माझ्या अंगठ्याला लागलं होतं.
साबण, राख, रॉकेल, काही चाललं नाही,
दोन महिने अंगठा हळदीचा.
मॅडमनी उजेडात धरून पाहिला, हसल्या:
"इरप्पा, माझा एकमेव सक्रिय निकाल तू."
हे कुठल्या रकान्यात बसतं ते पोराला विचारलं.
तो म्हणाला, जागा नाही.

उद्या सत्कारात चादर देतील,
प्राचार्य पाऊण तास बोलतील, अकराचे एकवीस करतील.
मॅडम चादर उलटी करतील,
बोट ओलं करून काठावर घासतील,
बोटाकडे बघतील.
मग बसतील.